उपसण्याआधी बघा : गावाकडच्या सेप्टिक टाकीची तपासणी कशी करून घ्यावी

आमच्याकडे तिला सेप्टिक टाकी कोणी म्हणत नाही. 'सेफ्टी टाकी' म्हणतात. मिस्त्री तेच म्हणतो, हार्डवेअरवाला तेच म्हणतो, आणि घराच्या अंदाजपत्रकात मीही बरेचदा तेच लिहितो. दुसरं काही लिहिलं तर घरमालक विचारतो, "हे काय नवीन काढलं जी?"

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात लहानसहान घरं बांधून देतो. त्यामुळे लोकांच्या टाक्या बघण्याचं काम आपोआप अंगावर येतं. एक वाक्य मी इतक्या ओसऱ्यांवर ऐकलं आहे की आता पाठच झालं आहे : "वीस वर्सं झाले ना जी, आमचं टाकं अजून भरलंच नाही!" सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर अभिमान असतो. मी मात्र आधी त्याच्या विहिरीकडे बघतो.

कारण धड बांधलेली टाकी वापर सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत पाण्याने भरते आणि मग कायम भरलेलीच राहते. वरून जेवढं पाणी येतं तेवढं बाहेरच्या पाईपातून शोषखड्ड्यात जातं. मैला खाली बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधलं पाणी निघून जातं. टाकी पाण्याने भरलेली असणं ही तिची तब्येत चांगली असल्याची खूण. ती 'भरली' म्हणून उपसायची वेळ येते ती गाळाने. वीस वर्षांत पाणीही वर आलं नसेल, तर ते बुडातून किंवा भिंतीतून कुठेतरी जात आहे. सांदवाडीतल्या, म्हणजे परसातल्या विहिरीत जात असेल, नाहीतर शेजाऱ्याच्या बोरमध्ये.

म्हणून या लेखाचा सगळा जोर एका गोष्टीवर आहे. सक्शनची गाडी बोलावण्याआधी टाकी उघडून बघा. गाडीवाला उपसतो, पैसे घेतो आणि जातो. टाकी रिकामी झाली की तिचं निम्मं दुखणं त्या पाण्याबरोबरच निघून जातं आणि मग सांगायला काही उरत नाही.

पायरी १ : आपल्याकडे नेमकं आहे काय

घर बांधणारे मिस्त्री हयात असतील तर आधी त्यांना भेटा. "काकाजी, आमच्या टाक्याला बुडाला काँक्रीट टाकलं होतं का?" एवढा एक प्रश्न. उत्तरावरून तुमच्याकडे पुढच्या तीनपैकी काय आहे ते कळेल.

एक, खरी सेप्टिक टाकी : बुडाला काँक्रीट, आतून प्लास्टर, शक्यतो मध्ये पडदी भिंत, आणि बाहेर निघणारा पाईप.

दोन, दोन खड्ड्यांचा संडास. स्वच्छ भारत अभियानात १२,००० रुपयांच्या अनुदानातून गावोगावी असे संडास झाले. यात जाळीदार वीटकामाचे दोन खड्डे असतात आणि पुढे एक वाय चेंबर, म्हणजे संडासाचा पाईप दोन फाट्यांत वळवणारी पेटी. एक खड्डा चालू, दुसरा बंद. चालू खड्डा भरला की चेंबरमधला बोळा काढून दुसरीकडे लावायचा आणि भरलेला खड्डा निदान वर्ष-दोन वर्षं तसाच झाकून ठेवायचा. आतल्या मैल्याचं मातीसारखं खत होतं. याला ना सक्शन गाडी लागते, ना गॅसचा पाईप, कारण वायू मातीतच जिरतो. इथली तपासणी दहा मिनिटांची : वाय चेंबर उघडा आणि दोन्ही तोंडं एकदम चालू तर नाहीत ना ते बघा. माझ्या पाहण्यात ती बहुतेकदा चालूच असतात. दुसरी चूक म्हणजे मिस्त्रीने माया करून खड्ड्याला आतून प्लास्टर मारलेलं असणं. मग पाणी जिरणार कुठून?

तीन, बिनबुडाचं टाकं. वरून ऐसपैस सेप्टिक टाकी, खाली नुसता मुरूम. वीस वर्षांत न भरणारी ती हीच. तपासणीत हिला नापासच करायचं. विहीर जवळ असेल तर बूड बांधून बाहेर वेगळा शोषखड्डा काढल्याशिवाय सुटका नाही.

मापाबद्दलही थोडं. आपल्याकडे समज असा की टाकं जितकं मोठं तितकं चांगलं, म्हणजे कधी उपसायलाच नको. १० बाय ८ फूट आणि ८ फूट खोल टाकं मी कित्येक घरी पाहिलं आहे. त्यात १८,००० लिटर मावतं. भारतीय मानक आयएस २४७० मध्ये पाच माणसांच्या घरासाठी दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर एवढीच टाकी सांगितली आहे, म्हणजे साधारण ११०० लिटर. ती दर एक-दोन वर्षांनी उपसायची हे त्यात धरलेलं आहे. मधला मार्ग म्हणून तीन-चार हजार लिटरची टाकी बांधून तीन वर्षांनी उपसली तरी चांगलं चालतं. १८,००० लिटरच्या टाक्यात जास्तीचं सिमेंट आणि लोखंड जातं, आणि एका खेपेत ते गाडीला रिकामंही करता येत नाही.

पायरी २ : झाकण शोधा

हे हसण्यावारी नेऊ नका. घर विकत घेतलेलं असेल तर झाकण पेव्हर ब्लॉकखाली, न्हाणीच्या फरशीखाली किंवा नव्या जिन्याखाली सापडतं. एका घरी ते तुळशीवृंदावनाच्या ओट्याखाली निघालं होतं आणि आजीबाईंनी एकादशी होईपर्यंत हात लावू दिला नाही. संडासाच्या भांड्यातून पाईप कुठल्या भिंतीतून बाहेर जातो ते बघा, त्याच रेषेत सब्बलीच्या बोथट टोकाने जमीन ठोकत जा. पोकळ जागी आवाज बदलतो. गॅसचा पाईप वर आला असेल तर टाकी त्याच्या पायाशीच.

झाकणं दोन हवीत, आत येणाऱ्या पाईपाशी एक आणि बाहेर जाणाऱ्या पाईपाशी एक. एकच असेल तर स्लॅबला दुसरं तोंड पाडून घेण्याचा खर्च याच वेळी करा, पण ते काम टाकी उपसून, हवा खेळवून झाल्यावरच. सापडलेल्या जागांची अंतरं घराच्या दोन कोपऱ्यांपासून मोजून वहीत लिहा.

पायरी ३ : कोणाला बोलवायचं

'सेप्टिक टाकी तपासणारा' असा वेगळा पाटी लावलेला माणूस आपल्या तालुक्याच्या गावी सापडत नाही. तो तीन माणसांतून जुळवावा लागतो.

बांधकाम बघायला स्थापत्य अभियंता किंवा जाणता मिस्त्री. पंचायत समितीत स्वच्छतेचं काम बघणारी माणसं असतात. जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा व स्वच्छता विभाग असतो. दोन खड्ड्यांच्या संडासाबद्दल तिथे चांगली माहिती मिळते. उपशासाठी जवळच्या नगरपरिषदेची किंवा खाजगी सक्शन गाडी. आणि विहिरीच्या पाण्यासाठी प्रयोगशाळा, तिच्याबद्दल पुढे सांगतो.

गाडीवाल्याला फोनवरच चार गोष्टी विचारून घ्या. गाडीत किती लिटर मावतं, पाईप किती लांब आहे (गावठाणातल्या बोळात गाडी शिरत नाही, पाईपच ओढावा लागतो), दर खेपेचा की टाकीचा, आणि गाडी रिकामी कुठे करता. चौथ्या प्रश्नावर तो घुटमळला किंवा "नाल्यात" म्हणाला तर दुसरा बघा. तो नाला पुढे कोणाच्या तरी विहिरीजवळून जातो. अलीकडे बऱ्याच नगरपरिषदांनी मैला गाळावर प्रक्रिया करणारी केंद्रं उभारली आहेत. गाडी तिथे जात असेल तर उत्तम. ताजा गाळ वावरात सोडून घेणारेही असतात. त्यात जंतांची अंडी महिनोन्महिने जिवंत राहतात, त्यामुळे भाजीच्या वाफ्यात तर मुळीच नको.

पायरी ४ : कधी

दोनदा. उपसा आणि दुरुस्ती उन्हाळ्यात, रोहिणी लागायच्या आत. पण शोषखड्ड्याची खरी परीक्षा श्रावण-भादव्यात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा कसलाही शोषखड्डा पास होतो, पाणी भेगांतून पसार होतं. पावसात तीच माती फुगून चिकणगोळा झाली की एक थेंब घेत नाही. सगळ्या तक्रारी पोळ्याच्या सुमाराला का येतात, त्याचं कारण हेच. पावसात फक्त झाकण उघडून पाण्याची पातळी बघायची, बाकी काही करायचं नाही.

भंडारा-गोंदियाकडच्या धानपट्ट्यात तर पावसाळ्यात टाकी उपसूच नका. तिथे जमिनीतलं पाणी हाताशी येतं. रिकामी टाकी, त्यातही प्लास्टिकची, खालून दाब आला की उचलली जाते, पाईप तुटतात.

पायरी ५ : उघडण्याचा दिवस

आधी जिवाचं. टाकीत हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड साठलेले असतात. हायड्रोजन सल्फाइडचा वास सडक्या अंड्यासारखा. पण वायूचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वासच येईनासा होतो. "वास येत नाही, उतरतो" म्हणणारा माणूस तिथेच संपतो, आणि त्याला काढायला उतरलेला भाऊ किंवा शेजारीही. म्हणून : दोन्ही झाकणं उघडून निदान अर्धा तास दूर उभं राहायचं. विडी, काडी, दिवा जवळ नको. तोंडाशी वाकून आत डोकं घालायचं नाही. पोरांना आणि बकऱ्यांना आवाराबाहेर ठेवायचं. आत कोणीही उतरायचं नाही, मिस्त्री कितीही धीट असला तरी. कोणी पडलंच तर मागे उडी न मारता दोर टाका आणि अग्निशमन दलाला बोलवा.

कायदाही हेच सांगतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवून साफ करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. काम देणारा म्हणून घरमालकही त्यात येतो. गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात १० लाखांवरून ३० लाख केली. यंत्र मिळत नाही, माणूस स्वस्तात तयार आहे, असं कोणी सुचवलं तर त्याच्या तोंडावर नाही म्हणा. पिढ्यान्पिढ्या कोणत्या लोकांना या टाक्यांत उतरवलं गेलं, ते गावात सगळ्यांना माहीत असतं.

आता तपासणी. पहिली नजर पाण्याच्या पातळीवर, बाहेर जाणाऱ्या पाईपाच्या बुडाच्या हिशेबाने.

पाणी त्या बुडाला टेकलेलं असेल तर ठीक. पाईपाच्या खाली असेल आणि अलीकडे टाकी उपसलेली नसेल, तर गळती. पाईप बुडून पाणी वर आलं असेल तर शोषखड्डा किंवा मधला पाईप तुंबला आहे. ही एक नोंद बाकी सगळ्या तपासणीच्या तोडीची आहे, आणि ती फक्त उपसण्याआधीच मिळते. मोबाईलवर फोटो काढा, पण बाहेरूनच.

आत अंधार असतो. विजेरीपेक्षा आरसा बरा. दुपारच्या उन्हात बाजूला उभं राहून आरशाने ऊन आत पाडायचं, विहिरीत पडलेली बादली शोधताना करतो तसं. सगळी भिंत लख्ख दिसते.

मग गाळ मोजायचा. एक लांब सरळ बांबू घ्या, त्याच्या खालच्या तीन-चार फुटांवर जुना पांढरा दुपट्टा घट्ट गुंडाळा, बाहेरच्या पाईपाशी असलेल्या तोंडातून अलगद बुडापर्यंत सोडा, दोन-तीन मिनिटं ठेवून थोडा फिरवा आणि सरळ वर काढा. जिथपर्यंत काळा चिकट थर तिथपर्यंत गाळ, त्याच्या वर नुसतं मळकं पाणी. सायीसाठी दुसऱ्या काठीच्या टोकाला आडवी चिपटी ठोका, साय फोडून खाली सोडा आणि वर ओढा. जिथे चिपटी अडते तिथे सायीचं बूड. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीचा तिसरा भाग झाला की उपसायची वेळ. समजा पाणी पाच फूट, म्हणजे साठ इंच. गाळ बारा इंच आणि साय चार, तर सोळा झाले. वीसला टाकी उपसायची, म्हणजे अजून थोडा अवकाश आहे. तरी गाडी दारात बोलावलीच असेल तर उपसून घ्या, फेरा कशाला वाया घालवायचा. बांबू नंतर ब्लीचिंगच्या पाण्याने धुवून ठेवा, किंवा सरळ पुरून टाका. मंडप घालायला वापरू नका म्हणजे झालं.

आता टी, म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखा पाईपाचा जोड. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही पाईपांना टाकीच्या आत टी लागतो, त्याचं खालचं टोक पाण्यात साधारण फूटभर बुडलेलं. बाहेरचा टी नसेल तर तरंगती साय थेट शोषखड्ड्यात जाते आणि खड्ड्याच्या भिंती चोंदतात. लोक शोषखड्ड्याला शिव्या घालतात. दोष असतो दोन-चारशे रुपयांच्या टीचा. मी स्वतः बांधलेल्या दुसऱ्याच टाकीत हा टी बसवायचा राहून गेला होता, आणि तीन पावसाळ्यांनंतर घरमालकाने मला पंगतीत सगळ्यांदेखत त्याची आठवण करून दिली.

स्लॅबची खालची बाजू आरशाने नीट बघा. पाण्यावरच्या ओल्या काँक्रीटवर हायड्रोजन सल्फाइडचं आम्ल होतं आणि ते काँक्रीट खातं, सळ्या उघड्या पडतात. वरून स्लॅब ठणठणीत दिसतो, आणि एक दिवस त्यावर तुरीची पोती भरलेला ट्रॅक्टर उभा राहतो.

गॅसचा पाईप घराच्या वर दोन मीटर निघालेला हवा, निदान ५० मिलिमीटर व्यासाचा, आणि त्याच्या तोंडाला जाळी. ही जाळी आपल्या भागात चैनीची गोष्ट नाही. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यातच वाढतो, आणि नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा हत्तीरोगाचा पट्टा आहे. आरोग्य कर्मचारी नायलॉनची जाळी बांधायला सांगतात ते त्यासाठी. जुनी मच्छरदाणी चालते.

पायरी ६ : उपसताना समोर उभं राहा

गाडी लावून देऊन चहाला जाऊ नका. पातळी खाली जात असताना बाहेरच्या पाईपाकडे बघत राहा. शोषखड्ड्यातून पाणी उलटं टाकीत वाहू लागलं तर खड्डा भरलेला आहे, नुसती टाकी उपसून भागणार नाही. भिंतीतून कुठे पाझर दिसतो का, तेही आताच कळतं. गाळ तळापर्यंत पूर्ण निघतो की फक्त वरचं पाणी ओढून "झालं भाऊ" म्हणतो, ते बांबू पुन्हा बुडवून बघा. एका गाडीवाल्याने आमच्याच घरी वरचं पाणी नेलं आणि खालचा गाळ तसाच ठेवला होता. वडिलांनी पैसे देऊन टाकले, मग मला फोन केला.

तळाला दोन-चार बोटं गाळ राहिला तर राहू द्या, त्यातले जीवाणू पुढचं काम सुरू करतात. फिनाइल, ॲसिड ओतून टाकी 'स्वच्छ' करायची नसते, जीवाणू मेले की मैला कुजणं थांबतं.

मग टाकी साध्या पाण्याने पाईपाच्या बुडापर्यंत भरा. पातळीवर खडूने खूण करा आणि रात्रभर संडास वापरू नका, बाहेरचा पाईप बोळा घालून बंद ठेवा. सकाळी पाणी खुणेवर असेल तर टाकी गळत नाही. ही परीक्षा फुकट असूनही कोणी करत नाही.

पायरी ७ : शोषखड्डा आणि विहीर

पिण्याच्या पाण्यापासून शोषखड्डा किमान १८ मीटर, म्हणजे साठेक फूट लांब हवा असं मानक सांगतं. गावठाणात साठ फुटांत तीन घरं बसतात. शिवाय यवतमाळ-अमरावतीकडे खाली काळा पाषाण आहे, पाणी त्याच्या भेगांतून कुठल्या दिशेला जाईल याचा नेम नाही. त्यामुळे अंतर मोजून थांबू नका, पाणी तपासा.

पावसाळ्याआधी आणि नंतर एकेकदा तपासा. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने घेतोच, त्याला गाठा. त्याच्याकडच्या छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत ते काळं पडलं, तर विष्ठेतले जंतू असण्याचा दाट संशय. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत जंतूंबरोबर नायट्रेटही मोजून घ्या. ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. पाणी उकळून जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. बाळाच्या दुधाच्या बाटलीत तर असं पाणी मुळीच नको. नायट्रेट खतांतूनही येतं, तेव्हा विहीर वावरात असेल तर लगेच टाकीला फाशी देऊ नका. पण नायट्रेटही जास्त, जंतूही सापडले आणि टाकीतलं पाणी पाईपाच्या खाली, असं तिन्ही जुळलं तर मला अजून पुरावा लागत नाही.

काळ्या मातीत तुंबणारा खड्डा पुन्हा त्याच मातीत खणून फायदा नाही. खाली मुरूम लागेपर्यंत जा. मुरूम फार खोल असेल तर लांबट उथळ चर काढून त्यात गिट्टी भरा आणि काठाने केळी, कर्दळ लावा, ती बरंच पाणी ओढून घेतात. न्हाणीचं पाणी टाकीत सोडलं असेल तर ते वेगळं काढा. निम्म्या टाक्यांची तक्रार एवढ्यानेच मिटते.

पायरी ८ : कागद

अभियंत्याकडून एका पानावर लिहून आणि सही करून घ्या : उघडली तेव्हाची पातळी, गाळ आणि सायीची इंचं, दोन्ही टी, स्लॅबची अवस्था, उपसताना खड्ड्यातून पाणी परत आलं का, रात्रभराच्या परीक्षेचा निकाल, गाडी कुठे रिकामी झाली. "टाकी ठीक आहे" एवढंच लिहून देणाऱ्याला पैसे थोडे कमी दिले तरी चालतील. आमच्या घरी मी तारीख आणि गाळाचा आकडा संडासाच्या मागच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून ठेवतो, कारण कागद दिवाळीच्या साफसफाईत जातो.

झाकण परत बसवताना सांध्यात पक्का सिमेंटचा मसाला भरू नका. जास्त रेतीचा कच्चा मसाला भरा, डास आत-बाहेर जाणार नाहीत इतका. झाकणाला दोन्ही बाजूंनी सळईच्या कड्या ठेवा. तीन वर्षांनी सब्बल घेऊन उभा राहणारा माणूस बहुतेक तुम्हीच असाल.